वाचन अडणाऱ्या मुलाची शाळा

मुलाला शाळेंत घालणें ही गोष्ट शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत आतां पूर्वींइतकी सोपी राहिलेली नाहीं. घराजवळची शाळा कोणती, तिचें माध्यम कोणतें, परीक्षामंडळ कोणतें, फी किती, आणि शाळेची गाडी दारापर्यंत येते कीं नाहीं, ह्या सर्व प्रश्नांचा खल करून आईबाप एकदांचें मुलाचें नांव पटावर घालतात आणि सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु कांहीं घरांत दोन-तीन वर्षांनीं हाच प्रश्न पुन्हां उभा राहतो, आणि तो पहिल्यापेक्षां बिकट रूपानें उभा राहतो. मूल चलाख असतें. ऐकलेली गोष्ट तें जशीच्या तशी सांगतें. बाजारांतला हिशेब तोंडीं करतें. मोडलेलें खेळणें उघडून पुन्हां जुळवितें. पण पुस्तक समोर आलें कीं त्याची जीभ अडखळते. काल वाचलेला शब्द आज त्याला अनोळखी वाटतो. फळ्यावरचा मजकूर उतरून घेतांना अर्धा तास संपतो आणि तीन ओळीसुद्धां पुऱ्या होत नाहींत.

मग शेरे आणि सल्ले सुरू होतात. वहीवर ‘लक्ष नाहीं’, ‘घरीं वाचन घ्यावें’ असें लिहून येतें. आजी म्हणते, ‘समज उशिरा येईल, घाई करूं नका.’ शेजारी शाळा बदलण्यास सांगतात. कोणी शिकवणी सुचवितो, तर कोणी वसतिगृह. रोज संध्याकाळीं अभ्यासाला बसलेलें मूल आणि त्याला शिकविणारी आई ह्या दोघांच्याही डोळ्यांत पाणी उभें राहतें. ह्या धांदलींत ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ असा प्रकार होण्याचा संभव फार. शाळा बदलण्यापूर्वीं मुलाची अडचण नेमकी कशांत आहे तें कळलें पाहिजे. आणि ती अडचण डिस्लेक्सियाची असेल, तर कोणती शाळा त्याला मानवेल ह्याचा विचार अगदीं निराळ्या कसोट्यांवर करावा लागतो.

डिस्लेक्सिया म्हणजे काय? बोललेला शब्द आपल्या कानाला एकसंध ऐकूं येतो. ‘कमळ’ हा शब्द तीन ध्वनिखंडांचा आहे, आणि त्या प्रत्येक खंडाला कागदावर एक चिन्ह आहे, हें ज्ञान वाचनाचा पाया होय. बहुतेक मुलांना हें पृथक्करण थोड्या सरावानें साधतें आणि पुढें तें इतकें अंगवळणीं पडतें कीं अक्षर पाहतांच उच्चार आपोआप होतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला मात्र ध्वनि आणि चिन्ह ह्यांची ही सांगड सहजासहजीं घालतां येत नाहीं. दुसऱ्या मुलाला जें दहा वेळां पाहून येतें, तें त्याला शंभर वेळां पाहून आणि निराळ्या पद्धतीनें शिकवूनच येतें. ह्यांत बुद्धीचा कमीपणा नसतो, आळस नसतो, आणि आईबापांच्या संगोपनाचा दोषही नसतो. ही प्रवृत्ति पुष्कळदां कुळांत चालत येते. मुलाची तपासणी झाल्यावर ‘शाळेंत असतांना माझेंही असेंच होई’ असें वडिलांना किंवा मामांना आठवतें. १०० मुलांमागें ५ ते १० मुलांना ही अडचण कमीअधिक प्रमाणांत असते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. म्हणजे ४० मुलांच्या वर्गांत अशीं दोन ते चार मुलें असावयाचींच.

ही अडचण आजकालची नव्हे. जर्मनीमधील श्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडोल्फ बर्लिन ह्यांनीं १८८७ मध्यें ‘डिस्लेक्सिया’ हें नांव रूढ केलें. तें मेंदूला इजा झाल्यामुळें वाचन गमावलेल्या प्रौढ माणसांना उद्देशून होतें. लहान मुलांत ही अडचण जन्मजात असूं शकते, हें जगासमोर आलें तें १८९६ मध्यें. इंग्लंडांतील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन ह्यांनीं त्या वर्षीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें पर्सी नांवाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. सात वर्षांचा असल्यापासून त्याला वाचन शिकविण्याचे कसून प्रयत्न झाले होते. तरी लहान शब्दसुद्धां त्याला महत्प्रयासानें वाचतां येत, आणि स्वतःचें नांव लिहितांना तो अक्षरांची उलटापालट करी. तोच मुलगा ७४९ ला ८६७ नें गुणण्याचें उदाहरण झटकन् आणि बिनचूक सोडवीत असे. त्याला कित्येक वर्षें शिकविणाऱ्या शिक्षकाचें मत असें होतें कीं, सगळें शिक्षण तोंडी असतें तर हा मुलगा शाळेंत सर्वांत हुशार ठरला असता. ह्या एका मतांत पुढच्या सव्वाशे वर्षांच्या शिक्षणशास्त्राचें बीज आहे. मुलाला काय येत नाहीं एवढेंच न पाहतां, कोणत्या वाटेनें तें शिकतें हें जी शाळा पाहते, तीच त्याची शाळा.

आपल्या मुलांच्या बाबतींत लिपीचा विचारही करावा लागतो. देवनागरींत लिहिल्याप्रमाणें वाचावयाचें असतें, म्हणून ती सोपी, असा आपला समज आहे. तो बहुतांशीं खरा आहे. इंग्रजींत ‘कट’ आणि ‘पुट’ ह्या दोन शब्दांत मधलें अक्षर एकच असून उच्चार निरनिराळे. ‘नाइफ’ ह्या शब्दाच्या आरंभीं मुकें ‘के’ उगाच उभें. असा घोटाळा मराठींत नाहीं. पण मराठीचे स्वतःचे खांचखळगे आहेत. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष ह्या जोड्यांत फरक एखाद्या रेघेचा किंवा गांठीचा. ‘कि’ लिहितांना वेलांटी आधीं काढावयाची आणि तिचा उच्चार मागाहून करावयाचा. ‘धर्म’ शब्दांत ‘र’चा उच्चार आधीं, पण त्याचा रफार पुढच्या ‘म’च्या डोक्यावर. त्यांत बाराखडी, ऱ्हस्वदीर्घ आणि जोडाक्षरें ह्यांची भर. इंग्रजीच्या २६ अक्षरांपुढें हा पसारा फार मोठा आहे.

ह्याचा परिणाम असा होतो कीं, इंग्रजी माध्यमाच्या मुलाची अडचण चुकांच्या रूपानें लवकर डोळ्यांत भरते. मराठी माध्यमाचें मूल मात्र बऱ्याच वेळां बरोबर वाचतें, पण फार सावकाश वाचतें. चूक दिसत नाहीं म्हणून शिक्षक निर्धास्त राहतात. चौथी-पांचवींत इतिहास आणि विज्ञान ह्यांचे लांबलांब धडे आले म्हणजे गाडी एकदम अडते आणि लोक म्हणतात, ‘आतांपर्यंत तर ठीक होतें, आतांच ह्याला काय झालें?’ झालेलें कांहींच नसतें. जें होतें तें आतां उघड्यावर आलें, एवढेंच. म्हणून मराठी शाळेंतील मुलाच्या बाबतींत चुकांपेक्षां वाचनाच्या वेगाकडे आणि वाचून होणाऱ्या थकव्याकडे अधिक लक्ष द्यावें. उलटपक्षीं, सहा वर्षांच्या मुलानें एखादें अक्षर उलटें काढलें म्हणून घाबरून जाण्याचेंही कारण नाहीं. त्या वयांत पुष्कळ मुलें तसें करतात.

तेव्हां शाळेच्या शोधाची पहिली पायरी शाळेच्या दारांत नाहीं. ती तपासणींत आहे. प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावे. ते निर्दोष ठरले कीं बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक ह्यांच्याकडून बुद्धिमापन व वाचन-लेखन-गणिताची चाचणी करून घ्यावी. मुंबईंत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत ही तपासणी होते. चाचणी मुलाच्या भाषेंत व्हावी, हें महत्त्वाचें. मनेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानें तयार केलेली ‘डाली’ नांवाची चाचणीमाला २०१५ पासून उपलब्ध आहे, आणि हिंदी, कानडी व इंग्रजी ह्यांबरोबर ती मराठींतही आहे. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलाची केवळ इंग्रजींतून परीक्षा घेऊन काढलेला निष्कर्ष अर्धवट असावयाचा, कारण त्याला इंग्रजी येत नाहीं कीं वाचन येत नाहीं, हें त्यावरून ठरत नाहीं.

येथें वयाचा एक मुद्दा लक्षांत ठेवावा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनीं विशिष्ट अध्ययन अक्षमतेचें प्रमाणपत्र ८ वर्षें पूर्ण झाल्यावर देण्याचें आणि १४ व्या व १८ व्या वर्षीं तपासणी पुन्हां करण्याचें ठरविलें. त्यामुळें कित्येक आईबाप आठवें वर्ष उजाडेपर्यंत हात जोडून बसतात. ही चूक महागांत पडते. प्रमाणपत्र सवलतींसाठीं लागतें. मदतीसाठीं लागत नाहीं. पहिलींतल्या मुलाला शब्दांचे तुकडे पाडतां येत नाहींत, यमकें ओळखतां येत नाहींत, अक्षरांचीं नांवें टिकत नाहींत, असें दिसतांच त्याला विशेष पद्धतीनें शिकविण्यास आरंभ करावा. ह्या कामीं सहाव्या वर्षीं दिलेला एक तास दहाव्या वर्षीं दिलेल्या अनेक तासांच्या मोलाचा आहे.

आतां ही विशेष पद्धति कोणती, हें आईबापांना ढोबळमानानें तरी ठाऊक हवें; नाहीं तर शाळेची पारख कशावरून करणार? अमेरिकन डॉक्टर सॅम्युएल ऑर्टन ह्यांनीं १९२५ पासून ह्या मुलांचा अभ्यास केला, आणि ॲना गिलिंगहॅम ह्या शिक्षिकेनें त्यावरून शिकविण्याची रीत बसविली. तिचें सूत्र असें: एका वेळीं एकच चिन्ह घ्यावें, तें डोळ्यांनीं पाहावें, कानांनीं ऐकावें, तोंडानें म्हणावें आणि बोटानें गिरवावें, पहिलें पक्कें झाल्याशिवाय दुसरें घेऊं नये, आणि सोप्याकडून अवघडाकडे क्रमानें जावें. आपल्या जुन्या शाळांत धुळपाटीवर बोट फिरवून, मोठ्यानें उच्चार करीत अक्षरें गिरवीत असत, त्यांत ह्या तत्त्वाचा अंश होता. पण नुसतें गिरविणें पुरें होत नाहीं. ध्वनीचें पृथक्करण आणि जुळवणी ही पायरी त्यांत हवी. असें शिक्षण आठवड्यांतून दोन-तीन वेळां, आणि कांहीं वर्षें चालवावें लागतें. ‘महिन्यांत वाचन सुधारून देऊं’ असें सांगणारे, रंगीत चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम विकणारे, ह्यांच्यापासून चार हात दूर राहावें. अशा उपायांनीं डिस्लेक्सिया बरा होतो ह्यास शास्त्रीय आधार नाहीं, असें अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या व नेत्रवैद्यांच्या संस्थांनीं २००९ मध्यें संयुक्तपणें जाहीर केलें आहे.

ह्यानंतर वाटा किती, तें पाहूं. पहिली वाट म्हणजे आहे त्याच शाळेंत राहून शाळेबाहेर विशेष शिक्षकाची मदत घेणें. मुलाचे मित्र तेथें आहेत, वर्गशिक्षिका समजूतदार आहे, आणि दुखणें सौम्य आहे, अशा वेळीं हीच वाट उत्तम. अनोळखी शाळेंत नवे चेहरे, नवीं पुस्तकें आणि नवे नियम ह्यांच्याशीं झगडतांना वाचनासाठीं उरलेली शक्तिही खर्च होते. दुसरी वाट, ज्या सर्वसाधारण शाळेंत विशेष शिक्षक आणि त्यांचा स्वतंत्र वर्ग आहे, अशी शाळा निवडणें. तेथें मूल दिवसाचा बहुतेक वेळ सर्वांबरोबर असतें आणि ठराविक तासांना विशेष शिक्षकाकडे जातें. बहुतेक मुलांना हीच व्यवस्था मानवते. तिसरी वाट पूर्णवेळ विशेष केंद्राची. चेन्नईंत मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशनच्या केंद्रांत मूल कांहीं काळ पूर्णवेळ शिकतें आणि वाचन सांवरलें कीं सर्वसाधारण शाळेंत परत जातें. दुखणें तीव्र असेल, आणि मूल शाळेच्या नुसत्या नांवानें आजारी पडूं लागलें असेल, तर असा मुक्काम हितकर ठरतो. परंतु अशा केंद्राला एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘येथून मुलें परत केव्हां आणि कशीं जातात?’ ज्या ठिकाणीं आंत जाण्याची वाट आहे आणि बाहेर येण्याची नाहीं, तेथें ह्या मुलाला ठेवूं नये. मतिमंद मुलांसाठीं असलेल्या शाळेंत त्याला घालणें तर सर्वस्वीं चूक. तेथील शिक्षणाचा हेतूच निराळा.

शाळा पाहावयास गेल्यावर काय पाहावें? इमारत, पोहण्याचा तलाव, भिंतीवरचे पडदे आणि संगणक हें सर्व दाखविण्यास शाळा उत्सुक असतात. ह्या मुलाच्या दृष्टीनें त्यांचें मोल थोडें. त्याऐवजीं मुख्याध्यापकांना विचारावें कीं, विशेष शिक्षक पूर्णवेळ आहेत कीं आठवड्यांतून एकदां येणारे. त्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे काय. आणि त्यांच्याकडे किती मुलें आहेत. सर्वोच्च न्यायालयानें २०२१ मध्यें ह्या बाबतींत प्राथमिक वर्गांना १० दिव्यांग मुलांमागें एक आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागें एक विशेष शिक्षक, असें प्रमाण सांगितलें आहे. नंतर वर्गशिक्षिकेला भेटण्याची परवानगी मागावी, आणि तिला साधे प्रश्न विचारावे. वर्गांत मोठ्यानें वाचावयास मुलांना आळीपाळीनें उभें करतात काय? फळ्यावरचें उतरून घेण्यास उशीर झाला तर मधली सुट्टी बंद होते काय? उत्तर बरोबर पण शुद्धलेखन चुकीचें असेल तर गुण कसे देतात? तोंडी उत्तर चालतें काय? ह्या प्रश्नांचीं उत्तरें ऐकतांना शब्दांपेक्षां सुराकडे कान द्यावा. ‘आमच्या शाळेंत अशीं मुलें नाहींतच’ असें अभिमानानें सांगणारी शाळा एक तर त्यांना ओळखत नाहीं, नाहीं तर ठेवीत नाहीं. ‘दोन मुलें आहेत, एकाला अमुक उपयोगी पडलें, दुसऱ्याला नाहीं’ असें जी शिक्षिका सांगते, तिच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं.

शक्य असल्यास मुलांच्या दोन-चार वह्या पाहाव्या. पानभर तांबड्या शाईच्या फुल्या असतील तर तो वर्ग ह्या मुलाचा नव्हे. वर्गाचा आकारही पाहावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागें एक शिक्षक असावयास हवा. साठ-सत्तर मुलांच्या वर्गांत अत्यंत सहृदय शिक्षिकाही एका मुलाकडे लक्ष कोठून देणार? उलट, घराजवळची साधी, लहान, कमी नांवाजलेली शाळा ह्या मुलाला पुष्कळदां चांगली लाभते. निकालाच्या शंभर टक्क्यांवर जिची कीर्ति अवलंबून आहे अशा शाळेला सावकाश चालणारें मूल अडचणीचें वाटतें, आणि नववीच्या सुमारास दाखला नेण्याचा आग्रह सुरू होतो. तीन वर्षें मागें गेलेला आत्मविश्वास त्या एका दाखल्यानें सहा वर्षें मागें जातो.

माध्यमाचा प्रश्न आपल्याकडे सर्वांत नाजूक. जें मूल वाचून शिकूं शकत नाहीं तें ऐकून शिकतें. म्हणून जी भाषा त्याला ऐकून नीट समजते, तीच त्याच्या शिक्षणाची भाषा असावी, हा साधा न्याय. घरीं मराठी, शेजारीं मराठी आणि शाळेंत एकदम इंग्रजी, असें असल्यास मुलावर दुहेरी ओझें पडतें: भाषा परकी आणि स्पेलिंग बेभरंवशाचें. प्रथमच शाळेंत घालावयाचें असेल, आणि घराण्यांत अशा अडचणीचा इतिहास असेल, तर मराठी माध्यमाचा विचार संकोच न धरतां करावा. पण जें मूल चार-पांच वर्षें इंग्रजी शाळेंत काढून त्या भाषेंत विचार करूं लागलें आहे, त्याचें माध्यम पांचवींत एकाएकीं बदलणें म्हणजे आगींतून निघून फुफाट्यांत पडणें होय. हिंदीची लिपि मराठीचीच असल्यामुळें तिसऱ्या भाषेनें तिसरी लिपि डोक्यावर बसत नाहीं, एवढा दिलासा आपल्या मुलांना आहे.

परीक्षामंडळाची निवड करतांना सवलतींची माहिती हवी. महाराष्ट्र सरकारनें १९९६ मध्येंच ह्या मुलांना परीक्षेंत सवलती देण्यास सुरुवात केली. तोंवर अन्य कोणत्याही राज्यानें तसें केलें नव्हतें. १९९५ च्या केंद्रीय कायद्यांत मात्र अध्ययन अक्षमतेचें नांवही नव्हतें. ती उणीव २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें भरून काढली. १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत असलेल्या ह्या कायद्याप्रमाणें मुलाला भेदभाव न करतां प्रवेश देणें, त्याची अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणें आणि तींतून मार्ग काढण्यासाठीं योग्य शिक्षण देणें, हें सरकारच्या निधीवर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शाळांचें कर्तव्य ठरलें आहे. परीक्षेंत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेंतून सूट ह्यांचाही त्यांत उल्लेख आहे. अक्षमता ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेंत किंवा पसंतीच्या विशेष शाळेंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिवाय शिक्षणहक्क कायद्यानें प्रवेशाच्या वेळीं मुलाची किंवा आईबापांची चाचणी घेण्यास बंदी केली आहे. सहा वर्षांच्या मुलाला प्रवेशाच्या दिवशीं वाचून दाखविण्यास सांगणारी शाळा कायद्याविरुद्ध वागत असते. हे हक्क आईबापांनीं नम्रपणें पण स्पष्टपणें सांगावे. मुख्याध्यापकांशीं पहिल्याच दिवशीं भांडण करून मिळविलेला प्रवेश मुलाला सुखाचा होत नाहीं, हेंही विसरूं नये.

सवलत मिळते म्हणून ती घेतलीच पाहिजे असें नाहीं. जादा वेळ जवळजवळ प्रत्येक मुलाला उपकारक ठरतो, तो घ्यावा. लेखनिक घ्यावयाचा तर त्याला सांगून लिहविण्याचा सराव वर्षभर आधीं हवा. ऐन परीक्षेंत ती कला साधत नाहीं. परंतु बीजगणित-भूमिति सोडून खालच्या इयत्तेचें अंकगणित घेण्याची सवलत स्वीकारण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा, कारण दहावीनंतर विज्ञान आणि अभियांत्रिकी ह्यांचे दरवाजे त्यामुळें बंद होतात. ज्याचें गणित पर्सीसारखें चांगलें आहे, त्याच्याकडून तें सोडवून घेणें म्हणजे त्याचा एकुलता आधार काढून घेणें. भाषेच्या सवलतीचेंही तसेंच. इंग्रजी शाळेंतील मुलानें मराठी सोडली, तर ज्या भाषेंत तो आजीशीं बोलतो तिच्यांतलें एक पत्रही त्याला पुढें वाचतां येणार नाहीं. दरसालच्या नियमांची खातरजमा मात्र त्या त्या मंडळाच्या परिपत्रकावरून करून घ्यावी.

कोणत्याच शाळेचा मेळ बसला नाहीं तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट खुली आहे. तेथें पांच विषय घेऊन उत्तीर्ण होतां येतें व त्यांत एक भाषा असली तरी भागतें. आणि पांच वर्षांच्या मुदतींत नऊ वेळां परीक्षेस बसण्याची सोय असल्यामुळें एकेक विषय सवडीनें सोडवितां येतो. ही कमी प्रतीची परीक्षा आहे, असा समज चुकीचा आहे. मात्र ह्या वाटेंत रोजची शाळा, घंटा, मित्र आणि मैदान नसतें. म्हणून तिचा विचार शक्यतों आठवी-नववीनंतर आणि शिकविण्याची चांगली व्यवस्था असेल तरच करावा.

राहिली वसतिगृहाची गोष्ट. २००७ मध्यें ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आल्यानंतर डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरीं पोहोंचला. त्यांतल्या मुलाला शिक्षा म्हणून दूरच्या निवासी शाळेंत पाठवितात, आणि तेथें त्याला जाणता चित्रकला-शिक्षक भेटतो. चित्रपटांत दैव वेळेवर धांवून येतें. व्यवहारांत त्यावर विसंबतां येत नाहीं. ज्या मुलाचा दिवस शाळेंत अपमानांत जातो, त्याला संध्याकाळचें घर हाच विसांवा असतो. तो काढून घेऊं नये. वर्ग पुन्हां करावयास लावणें हाही उपाय नव्हे. ज्या रीतीनें एक वर्षांत आलें नाहीं, त्याच रीतीनें दुसऱ्या वर्षीं कसें येणार? वर्ष बदलण्यापेक्षां रीत बदलावी.

शाळा ठरली म्हणजे काम संपलें असें नाहीं. तपासणीचा अहवाल आणि प्रमाणपत्र शाळेपासून लपवूं नये. लोक काय म्हणतील, बहिणीच्या लग्नांत अडचण येईल, अशा भीतीनें कागद कपाटांत ठेवणारीं घरें अजून पुष्कळ आहेत. ज्या शिक्षिकेला अडचण ठाऊकच नाहीं, ती आळस समजून रागावली तर दोष तिचा नव्हे. मुलालाही त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगावें कीं, ‘तूं ढ नाहींस, तुझ्या डोक्यांत शब्द निराळ्या वाटेनें जातात, आणि ती वाट आपण शोधीत आहोंत.’ नव्या शाळेच्या निवडींत त्याचा शब्द घ्यावा. एक दिवस वर्गांत बसून पाहूं द्यावें. घरीं रोज त्याला मोठ्यानें वाचून दाखवावें, म्हणजे वाचन अडलें तरी ज्ञान अडत नाहीं. फोनवर मजकूर वाचून दाखविणारीं साधनें आतां मराठींतही आहेत. छापील मजकूर वाचूं न शकणाऱ्यांसाठीं २०१६ मध्यें ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झालें, त्याचाही लाभ घ्यावा. आणि चित्र, पोहणें, तबला, सुतारकाम, ज्यांत म्हणून त्याचा हात चालतो, तें अभ्यासाची शिक्षा म्हणून कधींही बंद करूं नये.

डिस्लेक्सिया जन्मभर राहतो. पण योग्य शिक्षणानें अशीं मुलें वाचावयास शिकतात, पदव्या घेतात आणि आपापल्या धंद्यांत नांव काढतात. त्यांचें खरें नुकसान अक्षरांनीं होत नाहीं. रोज पांच-सहा तास, वर्षानुवर्षें, ‘तुला येत नाहीं’ हें ऐकून जें मन खचतें तें पुढें भरून काढणें फार कठीण जातें. म्हणून शाळा पाहून घरीं परततांना, तेथील निकाल किती टक्के लागतो ह्यापूर्वीं आईबापांनीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा: ह्या वर्गांत आपल्या मुलाला ‘मला हें वाचतां येत नाहीं’ असें न घाबरतां म्हणतां येईल काय? ज्या शाळेविषयीं ह्याचें उत्तर ‘होय’ असें येईल, ती गल्लींतली असो वा गांवाबाहेरची, महापालिकेची असो वा खाजगी, तिच्याच पटावर मुलाचें नांव घालावें.